जुस्ताचं शेत

सर नमस्कार करायच्या आधी चष्मा कपाळावर चढवायचे. चांगला जाड भिंगांचा चष्मा होता. तो वर गेला की समोर कोण उभं आहे हेच त्यांना दिसायचं नाही. मग हात जोडून, तोंडभर हसून समोरच्या धूसर आकृतीला विचारायचे, "कोण आपण?" एकदा खुद्द मुख्याध्यापकांना त्यांनी असं विचारलं, तेव्हा शिक्षकखोलीत आम्ही तोंडाला पदर लावून हसलो होतो.

या नमस्काराला त्यांच्याकडे कारण होतं. मध्ययुगातला सरदार नखशिखांत लोखंडात असायचा. समोर मित्र आला की तो शिरस्त्राणाची झडप वर करायचा आणि आपला चेहरा दाखवायचा. "चेहरा दाखवल्याशिवाय नमस्कार खोटा," सर म्हणायचे. मी म्हणायची, "सर, तुम्ही लोखंडात नाही, टेरिकॉटमध्ये आहात." त्यावर ते इतके खूश व्हायचे की पुढच्या वेळी चष्मा आणखी वर जायचा.

ते आमच्या माणिकपूरच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, मी मराठी. मी मूळची साताऱ्याकडची, लग्नानंतर इथे फ्लॅटमध्ये राहायला आले. ते पापडीच्या बाजूचे, पिढ्यान्‌पिढ्या भातशेती करणाऱ्या ख्रिस्ती घरातले. शेती गेली, घर आणि अंगण उरलं. लग्न केलं नाही. थोरल्या विधवा बहिणीबरोबर राहायचे. मुलांनी त्यांचं नाव 'भालदार' ठेवलं होतं. ते कळल्यावर त्यांनी आमच्या शिपायाला बोलावून सांगितलं, "आजपासून तू चोपदार."

नाव ठेवलं होतं ते उगाच नाही. स्मरणचित्राच्या तासाला इतर शाळांत 'बाजार' नाहीतर 'बसस्टॉप' असे विषय देत. सर 'भाल्यांची शर्यत' द्यायचे. ज्यांनी ती कधी पाहिलीच नाही त्यांनी ती आठवून काढायची. मुलं बिचारी काढायची. सर वर्गात फिरत फिरत म्हणायचे, "हा घोडा नाही रे, ही उपाशी बकरी आहे. हिच्यावर सरदार बसला तर आधी हिला जेवायला घालील."

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. पण माहिती पक्की होती. युरोपात पूर्वी दोन सरदार लांबच लांब भाले काखेत दाबून, मध्ये लाकडी कठडा ठेवून, समोरासमोर घोडे सोडायचे आणि एकमेकाला खाली पाडायचे. हल्ली तिकडे हौशी लोक पुन्हा हे सगळं करतात, जत्रेसारखी तिकिटं लावून. सरांनी त्याचे व्हिडिओ पाहिले होते आणि त्यांना ते अजिबात आवडले नव्हते. "पत्र्याचे डबे घालून मोटारींच्या पार्किंगमध्ये धावतात. जिथं घडलं तिथं केलं तर तो खेळ. दुसरीकडं केलं तर ते गॅदरिंग." त्यांचा जीव होता तो त्याच खेळाच्या एका सौम्य प्रकारावर. वरून एक कडी टांगायची, घोडा भरधाव सोडायचा आणि भाल्याच्या टोकाने कडी उचलून न्यायची. हा प्रकार पोर्तुगिजांकडेही होता. "माणूस पाडायचा नाही, कडी उचलायची," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान शंभर वेळा ऐकलं असेल. एकदा दोन मुलं मधल्या सुट्टीत हाणामारी करत होती, त्यांनाही सोडवताना सर हेच म्हणाले. मुलांना काही कळलं नाही, पण ती थांबली.

स्वतः सर घोड्यावर बसणाऱ्यातले नव्हतेच. "एकदा बसलो होतो. घोडा पुढं गेला, मी होतो तिथंच राहिलो," इतकंच सांगायचे. त्यांचा घोडा म्हणजे काळी, उंच दांड्याची सायकल. उजव्या काखेत मिटलेली छत्री आडवी दाबून ते माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवरून जायचे. रिक्षावाल्यांनी स्टँडच्या पाटीला एक रबरी वायसर दोऱ्याने लटकवून ठेवला होता, खास सरांसाठी. सर आले की सगळी रांग गप्प व्हायची. छत्रीचं टोक वायसरमधून गेलं की आरडाओरडा, शिट्ट्या. हुकलं की कोणीतरी ओरडायचं, "सर, उद्या!" अंगात ताप असतानाही ते त्याच रस्त्याने यायचे. एवढा मान मला त्या स्टँडवर कधी मिळाला नाही, साधी रिक्षाही वेळेवर मिळाली नाही.

मी त्यांना फार छळलं. आता लिहिताना वाईट वाटतं, पण तेव्हा तो आमचा दोघांचा खेळच होता असं मी समजत होते. त्यांच्या गावाकडे 'ण' नाही, सगळा 'न'. मी म्हणायची, "सर, पानी नाही, पाणी. बाणातला ण." ते मान डोलवून म्हणायचे, "बानातला न." मग मात्र त्यांनी मनावर घेतलं. घरी आरशासमोर म्हणे सराव करायचे. काही महिन्यांनी ण आला, पण असा आला की जिथे नको तिथेही येऊन बसला. एकदा सगळ्यांसमोर मला म्हणाले, "बाई, मी तुमचा फार माण राखतो." मी हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. तेही हसले, पण जरा उशिरा हसले. हळूहळू शाळेत ते अगदी स्वच्छ बोलायला लागले. मला त्याचा अभिमानही वाटायचा, माझा विद्यार्थी असल्यासारखा.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना एक दिवस ते माझ्या समोर येऊन बसले आणि चष्मा वर न करता म्हणाले, "बाई, काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याचं संपलंय, उजव्याचं डॉक्टर म्हणतात वर्षभर धरा." मग म्हणाले, "मला एकदाच बघायचंय. खरा घोडा, खरा भाला, आणि कडी उचललेली. जिथं व्हायचं तिथं."

जिथं व्हायचं ती जागा त्यांच्या मते घरापासून हाकेच्या अंतरावर होती. पापडीला एक लांबट, सपाट शेत होतं, त्याचं नाव जुस्ताचं शेत. पोर्तुगीज भाषेत 'जुस्ता' म्हणजे घोडेस्वारांची भाल्यांची लढत. इथल्या जुन्या किल्ल्यात पोर्तुगिजांचे एवढे सरदार राहत होते, घोडे होते, तर ते खेळायला कुठे जात असतील? इथेच. दुसरा कुठला पुरावा त्यांच्याकडे नव्हता, कागद नाही, शिलालेख नाही. एक नाव तेवढं होतं. पण त्या एका नावावर त्यांनी आयुष्य काढलं होतं.

मग ते कामाला लागले. राजोडीच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी पाहुण्यांना घोड्यावरून फिरवणारा एक जण होता, त्याला पटवलं. त्याच्याकडे दोन घोड्या होत्या, त्यातल्या पांढरीची शेपटी त्याने मेंदीने लाल केली होती. सुरूच्या सरळ फांद्या तासून सरांनी भाले केले, टोकाला लोखंडी बोंड बसवलं, शाळेतल्या उरलेल्या रंगांनी पट्टे ओढले. जुन्या पाळण्याची पितळी कडी शोधून काढली. आठवड्याच्या मधल्या दिवशी, किनारा रिकामा असताना, सकाळी सराव व्हायचा. घोडेवाला वैतागायचा. "सर, कडी बघू का घोडी बघू? दोनी एकदम नाय बघता येत." सर म्हणायचे, "घोडी रस्ता बघेल, तू कडी बघ." तीन महिन्यांत तो दहातून चार वेळा कडी उचलायला लागला. भाताची कापणी झाली की एका रविवारी, चर्चमधली मिस्सा संपल्यावर, शेतात खेळ करायचा असं ठरलं.

राहिली होती शेताची परवानगी. मालक तरुण होता, माणिकपूरलाच राहायचा, अंधेरीला नोकरी. गावाशी संबंध एवढाच की ते शेत त्याच्या नावावर होतं, आणि तो त्याला 'पापडीचा प्लॉट' म्हणायचा. सरांनी मला बरोबर नेलं. खेळाचं पत्रक मी लिहून दिलं होतं, आणि माझं वजन पडेल असं त्यांना वाटत होतं.

मालक चांगला माणूस होता. चहा केला, घोडेवाल्याच्या सरावाचा व्हिडिओ कौतुकाने पाहिला. मग म्हणाला, "सर, सॉलिड आहे हे. पण एक लग्नाच्या लॉनवाला प्लॉटसाठी मागे लागलाय. त्याला थांबवायचं तर घरच्यांना सांगायला काहीतरी पाहिजे ना. गावाची जुनी परंपरा आहे म्हटलं तर कोणी काय बोलणार नाही. पण हे इथे खरंच व्हायचं का?"

"नावच सांगतंय," सर म्हणाले. "जुस्ताचं शेत. माझं नका ऐकू. बाईंना विचारा, त्या भाषेच्या आहेत."

आणि ते माझ्याकडे वळले. चष्मा कपाळावर घेतला. म्हणजे त्यांना मी दिसत नव्हते, पण मला त्यांचा चेहरा पूर्ण दिसत होता.

खरं सांगायचं तर पत्रक लिहितानाच माझ्या लक्षात आलं होतं. दोन दिवस ते मी मनात घोळवत होते, आणि त्यात एक प्रकारची मजाही वाटत होती. विचारलं नसतं तर कदाचित बोलले नसते. विचारलं, आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली.

"नावात जरा गडबड आहे," मी म्हणाले. "जुस्ता हा खेळ असता तर 'जुस्त्याचं' नाहीतर 'जुस्तेचं' शेत झालं असतं. शाळा, शाळेचं. सोफा, सोफ्याचं. बाहेरून आलेला शब्दसुद्धा मोडतो. आपण मोडत नाही ते फक्त माणसाचं नाव. लताचं, सुधाचं. तसं जुस्ताचं. जुस्ता नावाची कुणी बाई असणार. जुस्तीना असेल मूळ. तिचं शेत."

मालक हसायला लागला. "म्हणजे कुठल्या तरी आजीबाईचं शेत! काय सर तुम्ही पण!"

सरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मला अजून तो क्षण दिसतो. ओठ हलले, एक शब्द अगदी तोंडाशी आला, आणि त्यांनी तो गिळला. मला वाटलं, पटलं त्यांना. मग चष्मा खाली घेऊन ते पत्रकाची घडी घालत बसले, चार पदरी, मग आठ पदरी.

"अहो, पण एक रविवार घ्या ना तरी," मालक म्हणाला. "परंपरा नसली तर नसली. लॉनवाल्याला मी सांगतो काहीतरी."

"नको," सर म्हणाले. "बाई म्हणतात ते बरोबर आहे. मग तिथं करून काय करायचं?"

परत येताना मीच बोलत होते. किनाऱ्यावर करू म्हटलं, शाळेच्या मैदानावर करू म्हटलं. ते प्रत्येक वेळी "बघू" म्हणाले. रिक्षा स्टँडपाशी आम्ही पायीच होतो, तरी कोणीतरी सवयीने ओरडलं, "सर, आज काय?" त्यांनी हात वर केला. त्यानंतर ते सायकलवरून शाळेत आले नाहीत. डोळ्यांमुळे, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढच्या वर्षी मी हट्टाने त्यांना राजोडीला घेऊन गेले. तोवर उजव्या डोळ्यालाही उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. घोडेवाल्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं. सुरूच्या दोन झाडांमध्ये त्याने दोरी बांधली, कडी टांगली. सरांना मी खुर्चीवर बसवलं, अगदी दोरीच्या जवळ. पांढरी घोडी निघाली. वाळूवर टापा आल्या, आमच्यासमोरून गेल्या, लांब गेल्या. घोडेवाल्याचा भाला कडीच्या चांगला हातभर खालून गेला होता. कडी होती तिथेच, हललीसुद्धा नाही.

"उचलली?" सरांनी विचारलं.

"उचलली, सर!" मी म्हणाले आणि टाळ्या वाजवल्या. लांबून घोडेवालाही समजून ओरडला, "उचलली सर, एक नंबर!"

सरांनी माझा हात शोधून त्यावर थोपटलं. "बाई, आवाज आला नाही," म्हणाले. "पितळ लोखंडावर आपटलं की आवाज होतो."

ज्या दिवशी खरं बोलायची गरज नव्हती त्या दिवशी मी खरं बोलले, आणि इथे खोटं बोलले तेही धड जमलं नाही. घोडेवाला पुन्हा धावतो म्हणाला. सरांनीच नको म्हटलं, घोडी दमली असेल म्हणाले.

पावसाळा सरता सरता ते गेले. झोपेतच गेले. त्या वेळी मी साताऱ्याला होते, मातीला जाता आलं नाही. महिना झाल्यावरच्या मिस्सेला मात्र गेले. मिस्सा झाल्यावर त्यांच्या बहिणीने मला घरी नेलं. त्या सत्तरीच्या पुढच्या होत्या, हाडं काटक, बोलणं भरभर. अंगणात भाले भिंतीला टेकवून ठेवलेले होते आणि त्यातल्या एकावर त्यांनी पडवळाचा वेल चढवला होता. त्यांनी मला चहा दिला, भावाच्या चार गोष्टी सांगितल्या, थोडं रडल्या. मी निघाले तर म्हणाल्या, "सडकेनं नको जाऊ बाय. जुस्तेच्या शेताच्या बांधानं जा, स्टँड जवल पडंल."

मी उंबऱ्यात थांबले. "ताई, काय म्हणालात? कुठल्या शेताच्या?"

"जुस्तेच्या. ते लॉन झालं ना, तेच."

"जुस्ताच्या ना?"

"तसं तो शालेत बोलायचा," त्या म्हणाल्या. "आमी जुस्तेचंच म्हनतो. आमचा बापूस म्हनायचा, आजा म्हनायचा. त्या दिवशी तो घरी आला नि गप बसला. मी इचारलं, काय झालं? तर म्हने, शेत खेलाचं नाय, बाईचं हाय, जुस्ताचं म्हनून. मी म्हनलं, अरे पन आपुन तर जुस्तेचं म्हनतो. तिथं सांगायचं ना मंग. तर म्हने, आपलं बोलनं अशुद्ध हाय गो. ते पुराव्याला चालत नाय."

मला तिथेच आठवलं. कितीतरी वर्षांपूर्वी ते शिक्षकखोलीत एका मुलीबद्दल 'रोझेची वही' म्हणाले होते, आणि मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, सर, रोझाची, माणसाचं नाव मोडायचं नसतं. त्यांच्या घरी वस्तूंची नावंही मोडायची आणि माणसांचीही. त्यांनी आपलं बोलणं माझ्यासाठी घासून पुसून घेतलं, त्यात हे शेताचं नावही घासलं गेलं, आणि मी तेच नाव उचलून त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली. त्यांच्या बोलीत 'जुस्तेचं' हे खेळाचंही होऊ शकतं आणि बाईचंही. व्याकरणाने ते कधीच सांगता आलं नसतं. मला माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं त्या दिवशी, आणि त्यांना त्यांचा रविवार मिळाला असता. दिसत होतं तेव्हा मिळाला असता.

"जुस्ते म्हणजे कोण, ताई?" मी विचारलं.

"कोन जाने," त्या म्हणाल्या. "शेताचं नाव हाय."

पिशवी हातात घेऊन मी तशीच उभी राहिले आणि रडायला लागले, घरात पाहुणी आलेल्या बाईने रडू नये तशी.

"ताई, मी चुकले," मी म्हणाले.

त्यांना वाटलं मी वाटेचं बोलतेय. त्यांनी माझा दंड धरला आणि मला अंगणाच्या कडेला नेऊन बांधाकडे बोट केलं. "नाय गो चुकत," म्हणाल्या. "सरल वाट हाय. नीट बघत जा."